कूर्मदृष्टी : महाशिवरात्रीच्या निमित्ताने

माघ वद्य चतुर्दशीचा हा पुण्यदिवस. आज पहाटेपासून रत्नागिरी जिल्ह्यातील लहानमोठ्या शिवालयांतून अभिषेकाची धार अखंड चालू असेल. गुहागरचा व्याडेश्वर, समुद्राच्या कुशीत वसलेला वेळणेश्वर, राजापूरजवळचा धूतपापेश्वर अशा स्थानी बेलपत्रांच्या राशी पडतील, रुद्रावर्तनांचा घोष घुमेल आणि उपवासाच्या दिवशीही थकवा न जाणवणारी भाविकांची रांग सभामंडपातून हळूहळू पुढे सरकत राहील. त्या रांगेत उभे असताना प्रथम नंदीचे दर्शन घडते. त्याच्या शिंगांमधून पिंडीचे दर्शन घ्यावयाचे, आणि मग गाभाऱ्याच्या उंबरठ्याकडे वळताना फरशीत बसविलेल्या दगडी कासवास हात लावून तो हात मस्तकी न्यावयाचा, हा आपला कुळाचार.

आम्हीही लहानपणापासून वडीलधाऱ्यांचे पाहून हेच करीत आलो. कासव तेथे का, हा प्रश्न त्या वयात पडला नाही. पुढे कीर्तनांतून आणि पुराणांतून त्याचा अर्थ उमगू लागला. कासव जसे आपले अवयव आत ओढून घेते तसे साधकाने विषयांपासून इंद्रिये आवरावीत, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील दृष्टांत सर्वश्रुत आहे. दुसरा अर्थ पुराणांतला. देवदानवांनी क्षीरसागराचे मंथन आरंभिले तेव्हा मंदराचलाची रवी बुडू लागली. त्या वेळी भगवान विष्णूंनी कूर्मरूप धारण करून तो पर्वत आपल्या पाठीवर तोलून धरला. त्याच मंथनातून हालाहल निघाले आणि ते शंकरांनी कंठी धारण केले. म्हणजे ज्या कथेने महादेवास नीलकंठ हे नाव दिले, त्याच कथेत कूर्म हा तळाचा आधार आहे. शिवाच्या दारी कूर्म असावा यात नवल ते काय?

परंतु आज आम्हांस वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते दगडी कूर्माकडून जिवंत कूर्माकडे. कारण आपण शिवरात्रीचे जागरण करीत असतो त्याच दिवसांत, आपल्याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, रात्रीच्या अंधारात समुद्रातून एक कासवी वर येते आणि वाळूत आपला वंश ठेवून परत जाते.

मर्यादवेलीच्या काठी

ऑलिव्ह रिडले या नावाने ही सागरी कासवे जगात ओळखली जातात. लांबी सुमारे दोन फूट, वजन साधारण पस्तीस ते पंचेचाळीस किलो आणि पाठीचा रंग किंचित हिरवट. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा आपल्याकडील विणीचा काळ. समुद्र शांत असावा, रात्र निवांत असावी, किनाऱ्यावर दिव्यांचा झगमगाट नसावा, एवढीच त्या मातेची अपेक्षा. भरतीची रेघ ओलांडून ती वर येते. जेथे मर्यादवेल वाळूवर पसरलेली असते आणि मागे सुरूचे बन असते, अशा कोरड्या जागी ती मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी हात-दीड हात खोल खड्डा खणते. त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजविते, आपल्या अंगाच्या भाराने ती दाबून सारखी करते आणि मागे वळून न पाहता पाण्यात दिसेनाशी होते.

या वेळी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहताना दिसते. प्रसववेदनांचे ते अश्रू, असे भाविक मन म्हणते. शास्त्रज्ञ सांगतात की, समुद्राचे पाणी पिऊन अंगात साठलेले जादा मीठ डोळ्यांजवळील ग्रंथींतून ती बाहेर टाकीत असते. शास्त्राचे म्हणणे खरे आहे. तथापि ते ठाऊक झाल्यावरही ते दृश्य पाहणाऱ्याचे डोळे ओलावतात, हेही तितकेच खरे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयास हवी. गीतेतील दृष्टांताचा कूर्म अवयव आत ओढून घेतो. आपल्या विहिरींत, तळ्यांत दिसणारी कासवे तसे करतात. सागरी कासवास मात्र ते साधत नाही. पोहण्यासाठी त्याचे पाय वल्ह्यासारखे झाले, कवच सपाट झाले आणि डोके व पाय आत घेण्याची सोय उरली नाही. म्हणून वाळूवर आलेली कासवी ही पूर्णपणे असहाय असते. कोणी तिला उलथी केली तर स्वतःला वाचविण्याचे साधन तिच्यापाशी नाही. इंद्रियसंयमाचा उपदेश ज्याच्याकडून आपण घेतला, त्याच्या बाबतीत आता संयम पाळण्याची पाळी आपली आहे.

सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी वाळूच्या उबेने अंडी फुटतात. नर की मादी हेही त्या उबेवरच ठरते. वाळू जितकी उष्ण तितक्या माद्या अधिक, आणि वाळू फारच तापली तर अंडी आतल्या आत करपून जातात. इवलीशी पिल्ले एकमेकांच्या आधाराने वर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ दिसते तिकडे धाव घेतात. अनादिकाळापासून रात्री उजळ क्षितिज असे ते समुद्राकडेच. आज किनाऱ्यावरील उपाहारगृहांचे आणि रस्त्यांचे दिवे त्यांना उलट्या दिशेला नेतात. वाटेत कुत्री, कोल्हे, कावळे आणि खेकडे, तर पाण्यात मोठे मासे टपलेले असतात. या सर्वांतून हजारांत एखादेच पिल्लू प्रौढ होते, असे सामान्यतः सांगितले जाते.

दृष्टीने पोसणारी माता

आपल्या संतांना कासवीची उपमा अतिशय प्रिय. कासवी पिलांना दूध पाजीत नाही, चोचीने घास भरवीत नाही. ती एका तीरावर, पिले दुसऱ्या तीरावर, आणि केवळ तिच्या प्रेमळ दृष्टीने ती वाढतात, अशी ही कल्पना. सद्गुरूची किंवा परमेश्वराची कृपा भक्तावर अशीच दुरून वर्षते, हे सांगण्यासाठी संतांनी तो दृष्टांत पुनःपुन्हा वापरला. ‘कूर्मदृष्टी’ हा शब्द त्यातूनच आपल्या भाषेत रुजला.

शास्त्राच्या कसोटीवर पाहिले तर कासवी अंड्यांकडे परत येत नाही. तिने आपली पिले कधी पाहिलेलीच नसतात. मग संतांचा दृष्टांत खोटा ठरला काय? आम्हांस तसे वाटत नाही. भक्तीचे सत्य निराळ्या मापाने मोजावयाचे असते. मात्र या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की, एक प्रश्न मनात उभा राहतो. माता गेली आहे, पिले वाळूखाली आहेत. तर मग त्यांच्यावर कृपादृष्टी ठेवावयाची कोणी? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यातील एका खेड्याने कृतीने दिले आहे.

वेळासचा वसा

मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोटच्या किल्ल्यापासून थोड्या अंतरावर वेळास हे गाव आहे. नाना फडणविसांचे गाव म्हणून इतिहासात त्याचे नाव आहे. माडा-पोफळींच्या वाड्या, कौलारू घरे, महालक्ष्मीचे पुरातन मंदिर आणि पलीकडे सुरूच्या बनाआड शांत किनारा, असे त्याचे रूप.

चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ पासून कोकणात निसर्गरक्षणाचे काम करीत आहे. श्री. भाऊ काटदरे हे तिचे संस्थापक. ही मंडळी किनाऱ्यावर समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत असता, कासवांची अंडी उकरून नेली जात असल्याचे त्यांच्या ध्यानी आले. विष्णूच्या वाहनाचा शोध घेता घेता विष्णूच्या अवताराची दैना दृष्टीस पडावी, हा योग विलक्षणच म्हणावयाचा. अंडी खाण्यासाठी व विकण्यासाठी नेली जात. त्यात दुष्टपणा होता असे नाही. वाळूत आयते सापडलेले अन्न, एवढाच त्याचा अर्थ पिढ्यान्पिढ्या होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले आहे. म्हणजे वाघास जे संरक्षण तेच या कासवास, आणि अपराधास कारावासाची शिक्षा. पण कायद्याचा कागद रात्री दोन वाजता किनाऱ्यावर जाऊन पहारा देत नाही.

तो पहारा २००२ साली वेळासला सुरू झाला. संस्थेने गावकऱ्यांना विश्वासात घेतले, वनखात्याचे सहकार्य मिळविले आणि किनाऱ्यावर कुंपण घालून उबवणीची जागा केली. पहाटेच्या आधी कार्यकर्ता वाळूवरून चालत जातो, कासवीने मागे ठेवलेला माग ओळखतो, काठीने वाळू चाचपून घरटे हुडकतो आणि अंडी अलगद काढून कुंपणातील तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवतो. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांत व्हावे लागते; त्यानंतर आतला जीव कवचाच्या आतील बाजूस चिकटतो आणि अंडे हलविले तर तो दगावतो. पिल्ले निघण्याचे दिवस आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालून ठेवतात. सकाळी व सायंकाळी ती उचलून पाहावयाची. पिल्ले आली असतील तर वाळूवर सोडावयाची आणि ती स्वतःच्या पायांनी लाटेपर्यंत जाताना पाहावयाची. त्यांना उचलून पाण्यात टाकीत नाहीत. ती वाट त्यांनी स्वतःच चालावी, असा नियम आहे.

पहिल्याच हंगामात पन्नासाच्या आसपास घरट्यांचे रक्षण झाले आणि २,५०० हून अधिक पिल्ले समुद्रात गेली. २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला. पुण्या-मुंबईची मंडळी पिल्ले पाहण्यासाठी येऊ लागली, गावातील घराघरांतून त्यांच्या राहण्याजेवणाची सोय झाली आणि चार पैसे गावात आले. एके काळी जे हात अंडी उकरीत, त्यांना राखणीचे काम मिळाले. पुढे हा वसा आंजर्ले, केळशी, गुहागर, गावखडी अशा अनेक गावांनी उचलला. परोपदेशाने जे साधले नसते ते सहवासाने साधले.

व्याडेश्वराच्या गावी आलेली पाहुणी

या कासवांचा पुढचा प्रवास कोठे होतो, हे दीर्घकाळ गूढच होते. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये रत्नागिरीच्या किनाऱ्यावर अंडी घालून परतणाऱ्या पाच कासवींच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारी लहान यंत्रे बसविण्यात आली. राज्याचे कांदळवन प्रतिष्ठान आणि डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा उपक्रम. वेळासच्या पहिल्या कासवीचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले; इतरांची सावनी, वनश्री, रेवा आणि लक्ष्मी. २०२३ मध्ये गुहागरला आणखी दोघींवर यंत्रे बसविली. त्यांतील ‘बागेश्री’ दक्षिणेकडे जात जात श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली.

त्याहून नवल २०२५ साली घडले. त्या वर्षाच्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालणाऱ्या एका कासवीच्या पायावर धातूचा बिल्ला आढळला. त्यावरील क्रमांकावरून कळले की तो बिल्ला २०२१ साली ओडिशातील गहिरमाथ्यास लावलेला होता! गहिरमाथा आणि ऋषिकुल्या या किनाऱ्यांवर ही कासवे लाखोंच्या संख्येने एकाच वेळी वर येतात, हे जगप्रसिद्ध आहे. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरील कासवांचा एकमेकांशी फारसा संबंध नसावा, असा समज होता. एका मुक्या जीवाने जगन्नाथाच्या किनाऱ्यापासून व्याडेश्वराच्या किनाऱ्यापर्यंत येऊन तो मोडला. आपण चारधामांची यात्रा केली म्हणजे जन्माचे सार्थक झाले असे मानतो. या जीवाची प्रदक्षिणा कोणी न सांगता, कोणत्याही नवसावाचून चालू आहे.

पुन्हा हालाहल

असो. आनंदाच्या या वार्तेसोबत दुसरी बाजूही सांगणे आमचे कर्तव्य आहे. सागरी कासवे या पृथ्वीवर दहा कोटी वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. महाकाय सरडे लुप्त झाले, हिमयुगे आली आणि गेली, पण कासवे टिकली. आजचे संकट मात्र त्यांच्याही अनुभवाबाहेरचे आहे. कासवास श्वासासाठी पाण्याबाहेर डोके काढावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात तासन्‌तास अडकले की ते गुदमरून मरते. समुद्रात सोडून दिलेल्या नायलॉनच्या तुटक्या जाळ्यांत पाय अडकून जायबंदी झालेली कासवे दर पावसाळ्यात कोकण किनाऱ्यास लागतात. तरंगणारी प्लॅस्टिकची पिशवी त्यांना जेलीमाशासारखी भासते आणि ती गिळली जाते.

ही गत केवळ कासवांची नाही. १३० हून अधिक राष्ट्रांच्या सहभागाने चालणाऱ्या जैवविविधताविषयक मंडळाने २०१९ साली जगापुढे मांडलेल्या अहवालात म्हटले आहे की, वनस्पती आणि प्राणी मिळून सुमारे दहा लक्ष जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत, आणि त्यांतील कित्येक येत्या काही दशकांतच जातील. जमिनीचा व समुद्राचा बदललेला वापर, जीवांची बेसुमार लूट, हवामानातील बदल, प्रदूषण आणि परक्या मुलखातून आलेल्या उपद्रवी जाती, अशी पाच कारणे त्यात दिली आहेत. आपण समुद्राचे मंथन पुन्हा आरंभिले आहे. रत्ने आपल्याला हवी आहेत. परंतु या वेळी रवीला आधार देणाऱ्या कूर्मालाच आपण जाळ्यात गुदमरवीत आहोत, आणि हालाहल प्राशन करण्यास कोणीतरी येईल अशा भरवशावर बसलो आहोत.

येथे आमच्याच घरची एक चूक कबूल केली पाहिजे. सणासुदीचे निर्माल्य प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून, गाठ मारून, हात जोडून खाडीत सोडण्याची पद्धत आमच्या घरीही काही वर्षे चालू होती. ‘जलात विसर्जन केले’ या समाधानात पिशवीचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही. एकदा भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी फिरताना ओहोटीने मागे ठेवलेल्या कचऱ्यात तशीच एक गाठ मारलेली पिशवी दिसली. आत काळे पडलेले बेल आणि झेंडू जसेच्या तसे होते. ती आमची नसेलही, पण आमची असू शकली असती. देवाला वाहिलेले बेलपान देवाच्याच अवताराच्या घशात अडकावे, याहून मोठा अपचार कोणता? त्या दिवसापासून आमच्या घरचे निर्माल्य परसातल्या खड्ड्यात, जास्वंदीच्या मुळाशी जाऊ लागले. या वर्षी त्याच जास्वंदीची फुले आमच्या देवघरात आहेत.

पूर्वजांची शहाणी भीती

जीवसृष्टीच्या रक्षणाची कल्पना आपल्याला परकी नाही. कोकणात गावोगावी ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या देवराया आहेत. तेथील वाळलेली काटकीही घरी न्यावयाची नाही, नेली तर देव कोपतो, अशी श्रद्धा. डॉ. माधव गाडगीळ आणि डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून दाखवून दिले की, आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी या श्रद्धेच्या कुंपणात जुने वृक्ष आणि दुर्मिळ वेली टिकून राहिल्या. पूर्वजांनी ज्यास देवाचा कोप म्हटले, त्यास आजचे शास्त्र झरे आटणे, माती वाहून जाणे अशा नावांनी ओळखते.

मर्यादवेलीच्या काठचा किनारा हीदेखील एक देवराईच मानावी, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. विणीच्या दिवसांत रात्री तेथे मोटारी नेऊ नयेत, मोठे दिवे लावू नयेत, कुत्री मोकळी सोडू नयेत. माग दिसला तर तो न पुसता वनखात्यास वा गावातील कासवमित्रास कळवावे. आपले खारवी, कोळी, गाबीत आणि दालदी बांधव जाळ्यात सापडलेले कासव जाळे कापून सोडतात, तेव्हा त्यांचे हजारो रुपयांचे नुकसान होते. त्यासाठी राज्यशासनाने २०१८ च्या अखेरीस २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली, ही समाधानाची गोष्ट. ज्याने पोटाचे जाळे कापून जीव सोडविला, त्याने त्या दिवशी शतरुद्राचे पुण्य जोडले, असे आम्ही खुशाल म्हणू.

असे प्रयत्न व्यर्थ जात नाहीत, याचा पुरावा जगाने नुकताच पाहिला. हिरव्या सागरी कासवाची जात अनेक दशके संकटग्रस्तांच्या यादीत होती. किनाऱ्यांची राखण, अंड्यांचे रक्षण आणि जाळ्यांतील सुधारणा यांमुळे तिची संख्या सावरली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक निसर्गरक्षण संघाने तिला त्या यादीतून सुखरूप जातींत हलविले. आपली ऑलिव्ह रिडले अद्याप असुरक्षित जातींतच गणली जाते. तिचे पिल्लू मोठे होऊन अंडी घालण्यास सुमारे बारा-पंधरा वर्षे लागतात. म्हणजे वेळासच्या पहिल्या टोपल्यांखालून निघालेल्या पिलांपैकी काही आज स्वतः माता होऊन आपल्याच किनाऱ्यावर येत असतील तर आश्चर्य नाही. राखणाऱ्याला फळ दिसावयास एक तप जावे लागते. तपाचा अर्थ तरी दुसरा काय?

आज रात्री आपण चार प्रहरांची पूजा मांडू, शिवनामाचा जप करू, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागू देणार नाही. त्याच प्रहरांत वेळासच्या, गुहागरच्या, गावखडीच्या वाळूवर कोणी एक कार्यकर्ता कंदिलावाचून, अनवाणी, माग शोधीत चालत असेल. त्याच्या हाती बेलपत्र नसेल, मुखी मंत्र नसेल. पण शिवरात्रीचे जागरण त्यालाही घडत आहे. संतांनी वर्णिलेली ती दुरून पोसणारी दृष्टी आज त्याच्या डोळ्यांत आहे.

उद्या पारण्यापूर्वी देवळात जाल तेव्हा त्या दगडी कासवावर क्षणभर अधिक हात ठेवावा, आणि महादेवाजवळ एवढेच मागावे की, हे नीलकंठा, आम्ही ओतलेले विष तुला पुन्हा प्यावे लागू नये, एवढी बुद्धी आम्हांस दे. आणि तुझ्या दारीच्या या कूर्माची दृष्टी आमच्याही डोळ्यांत राहो.